व्हिक्टोरियन कादंबरी आणि गद्यातली लेखनतंत्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए., एम.ए. करणारी मुलं-मुली आणि नोकरी-संसारातून वेळ काढून जुनी इंग्रजी कादंबरी हातात घेणारे हौशी वाचक, दोघांकडून मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात. गाईडमध्ये तंत्रांची यादी असते. ती पाठ होते, परीक्षेत उतरते, पण कादंबरी उघडली की त्यातलं काहीच दिसत नाही. माझं अनुभवानं बनलेलं मत असं, की ही तंत्रं कोणी शोभेसाठी शोधून काढलेली नाहीत. पुस्तक ज्या वाटेनं वाचकाच्या हाती पोचत होतं, त्या वाटेवर ती तयार झाली. महिन्याचा अंक, वर्गणीचं वाचनालय, घरात दिव्याभोवती बसून मोठ्यानं होणारं वाचन. खालची उत्तरं वाचताना हे डोक्यात असू द्या.

व्हिक्टोरियन म्हणजे नेमका कोणता काळ?

राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ गादीवर होती, त्यावरून हे नाव पडलं. पण साहित्य राज्यारोहणाची तारीख बघून बदलत नाही. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'चा पहिला अंक एप्रिल १८३६ मध्ये निघाला, म्हणजे राणीच्या आधी, तरी त्याला कोणी या काळाबाहेर ठेवत नाही. दुसऱ्या टोकाला हार्डीची 'टेस' १८९१ ची आणि 'ड्रॅक्युला' १८९७ ची. साठ वर्षांत छपाई, वाचक, भाषा सगळं पालटलं. म्हणून 'व्हिक्टोरियन कादंबरी अशी असते' असं एका वाक्यात सांगणाऱ्या पुस्तकावर फार विसंबू नका.

या कादंबऱ्या इतक्या जाड का? शब्दामागे पैसे मिळायचे म्हणून का?

नाही. हा समज वर्गावर्गात ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. डिकन्सला शब्दामागे नव्हे, अंकामागे मोबदला मिळे. त्याच्या मासिक अंकाचा साचा ठरलेला होता : ३२ पानं मजकूर, सोबत दोन चित्रं, किंमत एक शिलिंग. असे १९ अंक निघत. शेवटचा जोडअंक दोन शिलिंगांचा असे, म्हणून हिशेबाला २० धरायचे. पान ना कमी चाले, ना जास्त. म्हणजे पाल्हाळ लावून पैसे वाढायचे नाहीत. उलट, ठरल्या जागेत मजकूर बसवण्याची शिस्त अंगी बाणवावी लागे.

जाडीचं दुसरं कारण वाचनालयात सापडतं. नवी कादंबरी तीन खंडांत निघायची आणि तिची किंमत ३१ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे दीड गिनी (एक गिनी म्हणजे २१ शिलिंग). ही किंमत सामान्य घराला परवडण्यासारखी नव्हतीच. लोक वाचनालयातून पुस्तक आणत. चार्ल्स म्यूडीनं १८४२ मध्ये सुरू केलेल्या वाचनालयात वर्षाला एक गिनी भरली की एका वेळी एक खंड घरी नेता येई. तीन खंडांची कादंबरी त्याला सोयीची, कारण एकच गोष्ट एकाच वेळी तिघांच्या घरी फिरवता येई. १८९४ मध्ये म्यूडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या दोन मोठ्या वाचनालयांनी खंडामागे चार शिलिंगांहून जास्त द्यायला नकार दिला, आणि बघता बघता तीन खंडांची कादंबरी संपली.

आता याचा तंत्राशी संबंध पाहा. शार्लट ब्राँटीची 'जेन एअर' (१८४७) आज एका पुस्तकात, ३८ प्रकरणांत सलग मिळते. पण मूळचा पहिला खंड १५व्या प्रकरणाला संपतो. त्या रात्री जेनच्या मालकाच्या, रॉचेस्टरच्या, पलंगाला आग लागते आणि जेन त्याला वाचवते. दुसरा खंड २६व्या प्रकरणाला संपतो, जिथे चर्चमध्ये दोघांचं लग्न उभं राहतं आणि मोडतं. वाचक पुस्तक मिटतो आणि पुढचा खंड वाचनालयातून येईपर्यंत तळमळत राहतो. आपल्या सलग आवृत्तीत या दोन भिंती दिसत नाहीत. पेन्सिलीनं १५ आणि २६ या प्रकरणांखाली रेघ ओढा आणि मग वाचा. कादंबरीची बांधणी डोळ्यांसमोर उभी राहते.

क्रमशः छापल्यामुळे लिखाणात काय बदललं?

पहिली गोष्ट म्हणजे विसरण्याची सोय करावी लागली. 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला युराया हीप सारखा स्वतःला 'हंबल' (नम्र) म्हणवतो, त्याचे हात कायम ओलसर असतात. मिसेस मिकॉबर 'मी मिस्टर मिकॉबरना कधीच सोडणार नाही' हेच पालुपद लावते. दोन दिवसांत कादंबरी संपवणाऱ्याला याचा कंटाळा येतो. पण मूळ वाचकाला हे पात्र दोन-दोन महिन्यांनी भेटत होतं. हात ओलसर म्हटलं की तो लगेच म्हणे, अरे, हा तोच! ही खूण पात्र ओळखण्यासाठी आहे आणि मोठ्यानं वाचणाऱ्याला आवाज बदलायलाही तीच मदत करते.

दुसरी गोष्ट, अंकाचा शेवट. इथे सगळे 'उत्कंठा' असं लिहून मोकळे होतात. नेहमी तसं नसतं. 'डॉम्बी अँड सन'चा पाचवा अंक (फेब्रुवारी १८४७) लहानग्या पॉलच्या मृत्यूवर थांबतो. तिथे पुढे काय होणार हा प्रश्नच नाही. कादंबरीच्या नावातला मुलगाच पाचव्या महिन्यात जातो आणि महिनाभर वाचकाच्या घरात ते दुःख राहतं. थांबणं हेच तिथलं तंत्र.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. डिकन्स प्रत्येक अंकासाठी एक कागद आडवा धरून त्याचे दोन भाग करी. उजवीकडे प्रकरणांत काय येणार ते, आणि डावीकडे स्वतःलाच विचारलेले प्रश्न. अमक्याला या अंकात आणायचं का? शेजारी उत्तर असे : 'हो', 'नाही' किंवा 'इतक्यात नको'. हे कागद लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जपलेले आहेत. छापून गेलेला अंक परत मागे घेता येत नाही, पुढचा अजून लिहायचाय, आणि तरी कोणतं पात्र कधी झाकून ठेवायचं हे त्याला पक्कं ठाऊक असे. रचनेबद्दल लिहायचं असेल तर या 'इतक्यात नको'चा विचार करा.

'ब्लीक हाउस'ची सुरुवात सगळे नावाजतात. त्यात तंत्र नक्की कुठे आहे?

क्रियापदात. किंवा खरं तर क्रियापद नसण्यात.

पहिलं वाक्य एका शब्दाचं आहे : 'लंडन.' मग नोव्हेंबरची हवा, रस्त्यातला चिखल, होबर्न टेकडीवरून चाळीस फुटी मेगॅलोसॉरस (डायनोसॉर) डुलत चढताना दिसला तरी नवल वाटू नये असा. धुरांड्यांतून पडणारी काजळी हिमाच्या पापुद्र्यांएवढी, जणू सूर्य वारल्याचं सुतक पाळणारी. मग धुकं. नदीच्या वर धुकं, खाली धुकं, एसेक्सच्या दलदलीत, केंटच्या उंचवट्यांवर, ग्रिनिचच्या म्हाताऱ्या पेन्शनरांच्या डोळ्यांत आणि घशात, संतापलेल्या कप्तानाच्या चिलमीत, आणि डेकवर कुडकुडणाऱ्या त्याच्या पोऱ्याच्या बोटांना चिमटे काढणारं.

या पहिल्या परिच्छेदांत मुख्य क्रियापद जवळपास नाहीच. इंग्रजीत वाक्य क्रियापदावाचून उभं राहत नाही, म्हणून इंग्रज वाचकाला ते लगेच टोचतं. गोष्ट सुरू होते पण काही घडत नाही, काळ पुढे सरकत नाही. चिखल, धुकं असं सरकत आपण शेवटी पोचतो ते चान्सरी कोर्टात. धुक्याच्या ऐन गाभ्यात तिथला न्यायाधीश, लॉर्ड चॅन्सेलर, बसलेला आहे आणि त्याच्यापुढे जार्नडिस विरुद्ध जार्नडिस हा पिढ्यान्‌पिढ्या रखडलेला दावा आहे. जिथे निकाल लागत नाही तिथलं वाक्यही पूर्ण होत नाही.

मराठी वाचकाला इथे एक खास अडचण आहे. आपल्या भाषेत 'बाहेर धुकं. सगळीकडे चिखल. घरात कोणी नाही.' ही रोजची वाक्यं आहेत. 'आहे' गळला तरी आपल्याला काही खटकत नाही. त्यामुळे अनुवादात हा परिच्छेद सुंदर वर्णन होऊन जातो आणि त्यातलं थिजलेपण निसटतं. म्हणून हे पान तरी मूळ इंग्रजीतच वाचा, आणि प्रत्येक वाक्यात क्रियापदाखाली रेघ मारायचा प्रयत्न करा. पेन्सिल हवेतच राहील.

निवेदक मधेच थांबून वाचकाशी का बोलतो? रसभंग होत नाही का?

कीर्तनात बुवा आख्यान थांबवून श्रोत्यांकडे वळतात तेव्हा आपला रसभंग होत नाही. इथेही तोच करार आहे. निवेदक आणि वाचक एका खोलीत बसलेले आहेत.

प्रत्येक लेखक मात्र हे वेगळ्या कामासाठी करतो. ट्रॉलप 'बार्चेस्टर टॉवर्स'मध्ये (१८५७) सरळ सांगून टाकतो, की नायिका एलिनॉरचं लग्न त्या लोभी पाद्र्याशी, स्लोपशी, होणार नाही, काळजी करू नका. रहस्य राखून वाचकाला छळणं त्याला अप्रामाणिकपणाचं वाटे. काय होणार हे कळल्यावर वाचक कसं आणि का याकडे बघायला मोकळा होतो. लेखिका जॉर्ज एलियट 'मिडलमार्च'च्या २९व्या प्रकरणात डोरोथियाबद्दल वाक्य सुरू करते आणि मधेच तोडते : 'पण नेहमी डोरोथियाच का?' आणि तिच्या रुक्ष, वयस्क नवऱ्याच्या, कासोबनच्या मनात शिरते. तोवर आपण कासोबनला मनातून पार उतरवलेलं असतं. त्या एका प्रश्नानं आपलीच चूक पदरात पडते. कादंबरीच्या तंत्रानं माणसाला इतकं न्यायी होता येतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि मग 'जेन एअर'च्या शेवटच्या प्रकरणातलं पहिलं वाक्य : 'वाचकहो, मी त्याच्याशी लग्न केलं.' हे मराठीत लिहिताना थांबायला होतं. आपल्याकडे बाईच्या तोंडी सहज येणारं वाक्य 'माझं त्याच्याशी लग्न झालं' हे आहे. 'झालं' म्हटलं की कर्ता नाहीसा होतो. शार्लट ब्राँटीच्या वाक्यात कर्ता 'मी' आहे, क्रिया तिची आहे, आणि 'आमचं लग्न झालं' असंही ती म्हणत नाही. अनाथ, गरीब, मास्तरीण म्हणून राबलेली मुलगी इंग्रजीतल्या चार शब्दांत सांगते, की हा निर्णय माझा. वाचकाला मारलेली हाकसुद्धा त्यासाठीच आहे. या निर्णयाला तिला साक्षीदार हवा आहे.

फ्री इनडायरेक्ट डिस्कोर्स म्हणजे काय? किती वेळा वाचलं तरी डोक्यात बसत नाही.

वाक्य निवेदकाचं, आवाज पात्राचा. एवढंच धरून ठेवा.

मराठीत करून बघू. 'सुमन खिडकीशी बसली होती. दिवेलागण झाली. आता काय येतोय तो! आणि आला तरी कोणत्या तोंडानं येणार?' यातली पहिली दोन वाक्यं निवेदकाची. पुढची दोन कोणाची? 'सुमनला वाटलं' असं कुठे लिहिलेलं नाही, अवतरणचिन्हं नाहीत, तरी तो सुमनचाच आवाज आहे हे आपल्याला क्षणात कळतं.

मग इंग्रजीत ओळखताना अडतं कुठे? व्याकरणात. आपण म्हणतो, 'तो म्हणाला, की मी उद्या येतो.' दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण त्याचा काळही बदलत नाही आणि 'मी'ही बदलत नाही. इंग्रजीत दोन्ही बदलावे लागतात : 'मी'चा 'तो' होतो आणि क्रियापद भूतकाळात जातं. त्यामुळे इंग्रजी कादंबरीत पात्राचा विचारही भूतकाळात, तृतीयपुरुषात येतो आणि आपल्याला ते निवेदकाचंच वाटतं. खूण अशी : भूतकाळी क्रियापदाशेजारी 'आता', 'उद्या', 'इथे' असे शब्द दिसले, मधेच उद्गार किंवा प्रश्न आला, की तो आवाज पात्राचा समजा.

याचं जवळचं भावंड म्हणजे पात्राच्या तर्कपद्धतीनं त्याच्याबद्दल सांगणं. कासोबनचं लग्न ठरलंय. आपल्या मनात प्रेमाचा लोंढा येईल अशी त्याची अपेक्षा होती, निघाला अगदी उथळ ओहोळ. तेव्हा तो निष्कर्ष काढतो, की पुरुषाच्या प्रेमावेगाबद्दल कवींनी फार वाढवून लिहिलेलं आहे. शब्दांची धाटणी संशोधकाची, निष्कर्ष त्याचा, मांडणारी एलियट. ती वर एक अक्षरही बोलत नाही.

एका गोष्टीला दोन-तीन निवेदक कशाला?

कारण एका माणसाला सगळं दिसत नाही, हे या लेखकांना तीव्रतेनं जाणवत होतं. 'ब्लीक हाउस'मध्ये साधारण निम्मी प्रकरणं वर्तमानकाळात, सगळीकडे संचार करणाऱ्या एका नाव नसलेल्या आवाजात आहेत, आणि उरलेली एस्थर समरसन भूतकाळात, स्वतः सांगते. त्या आवाजाला अख्खं लंडन दिसतं, पण माया नाही. एस्थरला तिच्या ओळखीची माणसं तेवढी दिसतात, पण ती त्यांना नावानिशी जपते.

विल्की कॉलिन्सनं 'द मूनस्टोन'मध्ये (१८६८) वेगळा नियम घातला : ज्यानं जे स्वतः पाहिलं, तेवढंच त्यानं सांगायचं. साक्षीदारांच्या जबान्याच त्या. कॉलिन्सनं वकिलीचं शिक्षण घेतलेलं होतं, हे इथे दिसतं. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत हाती आलेला हिरा, आणि त्या चोरीतून दुसरी चोरी. प्रत्येक साक्षीदार आपल्या स्वभावासकट बोलतो, आणि सत्य त्यांच्या बोलण्यातल्या फटींतून दिसतं. 'ड्रॅक्युला'त हीच रीत रोजनिशी, पत्रं, तारा आणि फोनोग्राफवरच्या नोंदींपर्यंत जाते.

'वदरिंग हाइट्स'कडे मात्र जास्त लक्ष द्या. तिथे लॉकवूड हा भाडेकरू सांगतो, की नेली डीन या घरकाम करणाऱ्या बाईनं त्याला काय सांगितलं, आणि नेलीच्या सांगण्यात इझाबेलाचं पत्र येतं. पेटीत पेटी. बहुतेक विद्यार्थी नेलीला विश्वासू मानतात. नवव्या प्रकरणात कॅथरीन म्हणते, हीथक्लिफशी लग्न करणं मला कमीपणाचं होईल. हीथक्लिफ ते ऐकतो आणि उठून जातो. तो गेलेला नेलीला कळतं, पण ती कॅथरीनला तत्क्षणी सांगत नाही. त्यानंतरच कॅथरीन म्हणते, की मीच हीथक्लिफ आहे, आणि ते ऐकायला तो उरलेला नसतो. नेली तेव्हा बोलली असती तर? सांगणारी बाईच गोष्टीत हात घालून बसली आहे.

पथेटिक फॅलसी आणि आपला चेतनगुणोक्ती अलंकार एकच का?

शेजारी आहेत, एक नाहीत. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं वर्णन म्हणजे चेतनगुणोक्ती. पथेटिक फॅलसीत माणसाची भावना निसर्गावर लादलेली असते. हा शब्द कलासमीक्षक जॉन रस्किननं १८५६ मध्ये, 'मॉडर्न पेंटर्स'च्या तिसऱ्या खंडात वापरला, आणि तो दोष दाखवण्यासाठी. भावनेच्या भरात माणसाला समुद्राचा फेस क्रूर वाटतो, पण फेस क्रूर नसतो, असं त्याचं म्हणणं. पुढे तीच संज्ञा वर्णनाचं नाव म्हणून रूढ झाली. रॉचेस्टर जेनला मागणी घालतो त्या रात्री वादळ होतं आणि बागेतलं चेस्टनटचं झाड विजेनं दुभंगतं. इथे निसर्ग भावनेच्या मागे जात नाही, पुढे जातो. रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत आहे, हे दोघांपैकी एकालाच ठाऊक असलेलं सत्य झाडाला आधी कळलेलं असतं. त्यामुळे या प्रसंगाला मी पूर्वसूचन म्हणेन.

योगायोग इतके का? हे लेखनातलं कच्चेपण नाही का?

कधी कधी आहे. घरातून पळालेली, उपाशी जेन नेमकी आपल्याच न पाहिलेल्या भावंडांच्या दाराशी कोसळते, हे पटवून घ्यावं लागतं. पण या योगायोगामागे एक श्रद्धा आहे : जगाला कर्ता आहे आणि तो वाट दाखवतो. 'मिडलमार्च'मध्ये रॅफल्स ब्रँडीची बाटली कातडी वेष्टणात घट्ट बसावी म्हणून खाली पडलेला एक कागद खुपसतो, आणि त्यावर प्रतिष्ठित बँकर बुलस्ट्रोडची सही निघते. त्या कागदानं बुलस्ट्रोडची सगळी प्रतिष्ठा धुळीला मिळते. इथे योगायोगाला माणसाच्या जुन्या पापाची जोड आहे. आणि 'टेस'मध्ये? टेसनं आपला भूतकाळ कबूल करणारं पत्र होणाऱ्या नवऱ्याच्या, एंजलच्या, दाराखालून सरकवलं, ते सतरंजीखाली गेलं. तिथे वर कोणी बघत नाही, पापाचा हिशेबही नाही. तिन्ही कादंबऱ्यांतले योगायोग शेजारी ठेवले की त्या शतकात श्रद्धा कशी झिजत गेली ते दिसतं.

जुन्या आवृत्तीतली चित्रं बघायलाच हवीत का?

हो. थॅकरेनं 'व्हॅनिटी फेअर'ची (१८४७-४८) चित्रं स्वतः काढली. शेवटाकडे जॉस सेडली, कंपनी सरकारच्या नोकरीत भारतात कलेक्टर असलेला, धूर्त नायिका बेकी शार्पच्या कह्यात गेलेला आहे. त्यानं विमा उतरवलाय, तो घाबरलेला आहे, आणि काही महिन्यांत तो मरतो. बेकीनं मारलं असं मजकुरात कुठेही नाही. पण चित्रात जॉस हात जोडून विनवतोय आणि पडद्याआड बेकी हातात काहीतरी धरून उभी आहे. चित्राखाली तिला क्लायटेम्नेस्ट्रा म्हटलंय, नवऱ्याला ठार मारणारी ग्रीक राणी. शब्द गप्प बसतात आणि चित्र आरोप करतं. चित्रं नसलेल्या आवृत्तीत निम्मं निवेदन गायब असतं.

शरीरसंबंधांबद्दल सगळं झाकून का लिहिलेलं असतं?

कारण वाचनालय आणि साप्ताहिक दोघांनाही घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचता येईल असाच मजकूर हवा होता. 'टेस' आधी 'द ग्राफिक' साप्ताहिकात आली तेव्हा हार्डीला ती कापावी लागली. मूळ कादंबरीत पाणी साठलेल्या वाटेवरून एंजल चार गवळणींना उचलून पलीकडे नेतो. साप्ताहिकात त्यांना एकचाकी हातगाडीतून न्यावं लागलं! टेसवरच्या अत्याचाराच्या जागी तिथे खोट्या लग्नाचा प्रसंग आला. पुस्तकात हार्डीनं मूळ मजकूर परत आणला, तरी त्या रात्री वाचकाला दिसतं ते फक्त धुकं, अंधार आणि झोपलेली मुलगी. मौन सक्तीचं होतं, पण हार्डीनं त्या मौनात एक जखम ठेवली.

निबंधांत कसली तंत्रं? तिथे तर सरळ विचार असतो.

एकच उदाहरण सविस्तर घेते. मॅथ्यू आर्नल्डचा १८६४ चा समीक्षेच्या कार्यावरचा निबंध. दोन राजकारणी आपला इंग्रज वंश जगात कसा श्रेष्ठ, याचे गोडवे गात असतात. आर्नल्ड त्यांना युक्तिवादानं उत्तर देत नाही. तो वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी शेजारी ठेवतो : रॅग नावाची मुलगी अनौरस मूल घेऊन नॉटिंगहॅमच्या वर्कहाउसमधून (गरिबांच्या आश्रयगृहातून) बाहेर पडली, मूल थोड्याच वेळात टेकड्यांवर गळा आवळलेलं सापडलं, रॅग कोठडीत आहे. मग तो त्या बातमीतलं शेवटचं वाक्य उचलतो. बातमीनं मुलीचं पाळण्यातलं नावही काढून टाकलंय, नुसतं 'रॅग कोठडीत आहे'. आर्नल्ड म्हणतो, त्यांच्या प्रत्येक गौरवाला उत्तर म्हणून हे (इंग्रजीतले) चार शब्द पुटपुटा. विशेषण नाही, आवाज चढवणं नाही. दोन मजकूर नुसते शेजारी ठेवणं आणि एक वाक्य पुन्हा म्हणणं, एवढंच. अग्रलेख लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे पान वाचावं.

रस्किन वेगळा. 'स्टोन्स ऑफ व्हेनिस'च्या दुसऱ्या खंडात (१८५३) तो आपल्याला पक्ष्याच्या उंचीवर नेतो आणि भूमध्य समुद्रापासून उत्तरेच्या बर्फापर्यंत युरोप खाली सरकत जातो. वाक्य तेवढंच लांबत राहतं, कारण उड्डाण अजून संपलेलं नसतं. कार्लाइल ओरडतो, हाका मारतो, 'सार्टर रिसार्टस'मध्ये तर एक काल्पनिक जर्मन प्राध्यापक उभा करून त्याच्या तोंडून बोलतो.

याचा मराठीशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो जवळचा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'वर (सुरुवात १८७४) इंग्रज निबंधकार मेकॉलेच्या शैलीची छाप आहे, हे आपल्या वाङ्‌मयेतिहासात सांगितलेलं असतंच. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः छापली. ब्राह्मण घरातली विधवा यमू स्वतःची कहाणी 'मी' म्हणून सांगते. एका पुरुष लेखकानं अख्खी कादंबरी बाईच्या आवाजात पेलली, तीही आठवड्याच्या अंकांत. ती वाचून मग 'जेन एअर' हातात घ्या. दोघी वाचकाकडे कशा वळतात आणि काय मागतात ते ताडून बघा. यमूला लग्न 'करता' येत नाही, तिचं ते 'होतं'.

सुरुवात कुठून करू?

'जेन एअर'पासून. मग 'द मूनस्टोन', मग 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'. 'मिडलमार्च' घाईनं घेऊ नका. ती मुळात १८७१-७२ मध्ये आठ भागांत, वर्षभर निघाली होती. महिन्याला एक भाग वाचा, आठ महिन्यांत होईल. सगळी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहेत.

वाचण्याऐवजी ऑडिओबुक ऐकलं तर चालेल का?

चालेल काय, काही पानांसाठी तेच योग्य आहे. डिकन्स स्वतः १८५८ पासून जाहीर वाचनाचे पैसे घेऊन कार्यक्रम करत असे. 'ब्लीक हाउस'चं ४७वं प्रकरण ऐका. रस्ता झाडणारा, 'जो' नावाचा अनाथ मुलगा मरतोय. डॉक्टर त्याच्याकडून एकेक शब्द करत प्रार्थना म्हणवून घेतोय, ती पुरी होत नाही. आणि आजवर त्याच्या उशाशी असलेला आवाज एकदम तोंड फिरवतो आणि राणीला उद्देशून म्हणतो : मेला, महाराणी. मेला, सरदारांनो आणि सभ्य गृहस्थांनो. मग धर्मगुरूंकडे, मग मनात दया घेऊन जन्मलेल्या बायका-पुरुषांकडे, आणि शेवटी : असेच मरताहेत, रोज, आपल्या अवतीभवती. इंग्रजीत त्या शेवटच्या वाक्यात 'अस' (us) एवढाच शब्द आहे. मराठीत करताना 'आमच्या' की 'आपल्या' हे ठरवावंच लागतं. तिथे 'आमच्या' बसत नाही.